चांदीचा आकस

नाबोरच्या दुकानासमोर पुन्हा गाडी थांबली. फिदेन्सिओनं पॉलिशचं चाक बंद करून पाहिलं. राजधानीहून जुन्या घाटाच्या मूर्ती गोळा करणारे आले होते. त्याच्या दाराकडे कुणी मानही वळवली नाही.

दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली चांदीकाम शिकले. नाबोरच्या मुलीचा फिदेन्सिओ धर्मपिता, म्हणून एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. तास्को गावच्या त्या चढावर तीस वर्षं समोरासमोर दुकानं होती, आणि तीस वर्षं चांदीच्या जत्रेत नाव पुकारलं जायचं ते नाबोरचं.

यंदा नाबोरनं शिपे घडवला होता. हा सोनारांचा जुना देव, दुसऱ्याची सोललेली कातडी अंगात घातलेला. मूर्ती वीतभर उंच होती. कातडीचे रिकामे पंजे मनगटांवर लोंबत होते आणि त्यांच्याखालून देवाचे खरे हात बाहेर आले होते.

"कसा वाटतो, कोंपाद्रे?"

"पोट सुटलंय. तुझ्यावर गेलाय."

नाबोर खो खो हसला. फिदेन्सिओला ते हसणंही सोसवेना.

मृतांच्या सणानंतरच्या सोमवारी सगळा गाव जुमिल नावाचे किडे खायला डोंगरावर जातो. नाबोर शनिवारीच तंबू घेऊन निघाला. दुकानाची चावी फिदेन्सिओच्या हातात देत म्हणाला, "सोमवारी संध्याकाळी येतो. पोपटाला पाणी घाल. आणि त्याच्याशी भांडू नकोस."

साच्यावरून ओतलेली नक्कल मूळ मूर्तीपेक्षा केसभर लहान होते, कारण निवताना चांदी आकसते. तास्कोत चोरी अशीच पकडतात. परीक्षक कॅलिपर लावतात आणि लहान भरेल त्याला हाकलतात. फिदेन्सिओला तेच हवं होतं. लहान मूर्ती नाबोरच्या फळीवर ठेवायची आणि मूळ मूर्तीवर स्वतःचा ठसा मारायचा.

शनिवारी त्यानं साचा घेतला, रविवारी मेण ओतलं आणि सोमवारी दुपारी चांदी. थंड झालेली मूर्ती घासून त्यानं मूळ मूर्तीशेजारी उभी केली आणि कॅलिपर लावला.

दोन्ही सारख्याच भरल्या.

त्यानं पुन्हा मोजलं. डोकं, खांदे, लोंबणारे पंजे. कुठे केसाचाही फरक नव्हता. मोजता मोजता मूळ कुठली हेच तो विसरला. दोन्हींच्या तळाला नाबोरचा ठसा होता.

शेवटी त्यानं एक उचलली, तळ कानशीनं साफ केला, स्वतःचा ठसा टेकवला आणि हातोडी मारली. उमटलं ते नाबोरचं अक्षर. घाईत भलतंच हत्यार हाती आलं असेल, म्हणून त्यानं पेटीतले ठसे एकेक उजेडात धरले. सगळ्यांवर तेच अक्षर होतं.

दुसरी मूर्ती पदराआड लपवल्यासारखी कोटाखाली धरून तो समोरच्या दुकानात गेला. पोपटानं मान तिरकी केली.

"आलास, नाबोर?"

"गप रे, भाड्या."

पोपट आनंदानं पंख फडफडवू लागला. फिदेन्सिओनं मूर्ती फळीवर ठेवली आणि कुलूप लावलं.

डोंगरावरून माणसं उतरू लागली होती. पाववाली बाई हसून म्हणाली, "काय दोन नाबोर, यंदाही बक्षीस तुमचंच ना?"

"दोन?"

"अहो, मानानं डॉन म्हटलं मी. डॉन नाबोर. कान गेले वाटतं!"

तो घराकडे जवळजवळ पळतच निघाला. दाराला आतून कडी होती. त्यानं थाप मारली.

"कोण आहे?" ओब्दुलियानं, त्याच्या बायकोनं, आतून विचारलं.

"मी."

आत पावलं थांबली.

"मी गं. दार उघड."

खुर्ची सरकली. कुणीतरी घसा खाकरला, आणि फिदेन्सिओला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, जेवता जेवता बोलावा तसा.

"नाबोर असेल. आत घेऊ नकोस त्याला. तीस वर्षं माझ्या कामावर डोळा ठेवून आहे तो."