हिरवा कौल

मुरडशेंगेचे तीन वेढे, हिरड्याचे दोन, बदामाचे पाच. गुटी उगाळून झाली तशी तनिष्काने सहाण बाजूला सरकवली आणि ओट्यामागच्या भिंतीला विचारलं, "पाच महिन्यांच्या बाळाला चार दिवस शी झालेली नाही. काय करावं?"

भिंत बोलायला लागली. आवाज पन्नाशीच्या बाईचा, पाठीवरून हात फिरवल्यासारखा. "अगं, किती काळजी करतेस! अंगावर पिणाऱ्या बाळाचं पोट आठवडाभरसुद्धा थांबतं. गुटी चालू ठेव, मधातून चाटव. माझ्या दोन्ही नाती यावरच वाढल्या."

तनिष्काने सुस्कारा सोडला. मनगटावरची रबरी पट्टी क्षणभर हिरवी झाली आणि विझली. तिचं मत पडलं होतं.

भिंतीतून बोलणाऱ्या 'विचारपूस'वर मत द्यायला आता कुणी बटण दाबत नसे. प्रश्न लोकच विचारत, उत्तरंही लोकच देत, आणि कुठलं उत्तर वर राहायचं ते मतांवर ठरे, हे जुनंच होतं. पण मध्यंतरी मतं गोळा करणाऱ्या टोळ्या निघाल्या, मेव्हण्या-पाहुण्यांच्या नावांनी खाती निघाली, तू मला उचल मी तुला उचलतो अशी मंडळं निघाली. त्यावर उपाय म्हणून कौलपट्टी आली. उत्तर ऐकताना नाडी, घाम आणि श्वास काय म्हणतात ते ती टिपायची. जीव निवांत झाला तर हिरवा कौल, अस्वस्थ झाला तर लाल. नवं उत्तर आधी काही हजार घरांत वाचून दाखवलं जाई. त्या कौलांवर ते तरे किंवा बुडे. माणूस खोटं बोलेल, कातडी बोलणार नाही, अशी जाहिरात होती, आणि ती खरी होती. तनिष्काला हे पक्कं ठाऊक होतं, कारण बाळंतपणाच्या रजेआधी तीन वर्षं ती विचारपूसच्याच कार्यालयात कौलांची पडताळणी करत होती. आपल्या हाताखालून बनावट कौल सुटत नाही, याचा तिला अभिमान होता.

सासूबाई आजऱ्याकडच्या. त्यांच्या गावी देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "आमच्या गुरवाला तासभर तिष्ठावं लागतं," त्या म्हणायच्या, "तुमचा देव भलताच घायकुता." गुटी मधात बघून त्यांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. त्यांच्यात ती आईच्या दुधात उगाळत. पण भिंत बोलली, पट्टी हिरवी झाली, आणि कौल लागल्यावर वाद घालायचा नाही ही त्यांची जन्माची सवय. 

तनिष्काने करंगळी वाटीत बुडवून इराच्या ओठांना लावली. इराने ती नेहमीसारखी चोखली नाही. जीभ नुसती लागली आणि मध हनुवटीवरून ओघळला.

तनिष्का सगळं वहीत टिपणारी. किती वाजता पाजलं, किती मिनिटं, कुठल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी वही चाळली तर मिनिटं उतरत गेली होती. अठरा, चौदा, नऊ, पाच. इरा रडली तेव्हा तो आवाज बंद दारामागच्या मांजराच्या पिलाचा वाटला. पापण्या अर्ध्यावरच अडत होत्या. नवरा, हर्षद, कामाच्या साइटवर होता. तो फोनवर म्हणाला की परवा तर छान खेळत होती, विचारून बघ ना.

तिने विचारलं. बाळ फार शांत झालंय, रडतंही हळू.

"नशीबवान आहेस गं," भिंत म्हणाली. "काही लेकरं उपजतच समंजस असतात. झोपू दे तिला. तूही जरा पड."

पट्टी हिरवी झाली. मनातली शंका होती तिथेच होती, पण खांदे सैल पडले होते, श्वास लांब झाला होता. अंगाला बरं वाटलं होतं आणि अंगाने तिला न विचारता मत देऊन टाकलं होतं. त्या हिरव्या रंगाची तिला शिसारी आली.

रजेवर असली तरी तिचं कार्यालयातलं खातं चालू होतं. तिने फोनवर 'तळ' उघडला. लाल कौल पडून बुडालेली उत्तरं तिथे साठत. पुसली जात नसत, पण भिंत ती कुणाला वाचून दाखवत नसे. मध, गुटी, तान्हं बाळ असे शब्द तिने घातले. एकाच नावाची बारा उत्तरं वर आली. मार्था साळवे, निवृत्त परिचारिका, मिरज. म्हणजे तिच्याच गावातली बाई.

"मी चाळीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली. तुमच्या भावना मला समजतात, पण स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांना त्याने काही होत नाही. तान्ह्याच्या आतड्यात मात्र ती रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी थांबते. मग रडणं क्षीण होतं, दूध ओढवत नाही, पापण्या पडतात, मान ढिली होते. पुढे श्वास अडतो. यातलं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका."

लाल कौल सहा हजार दोनशे. हिरवे अकरा.

त्याखाली बारीक ओळ होती, खातं तिचं होतं म्हणून दिसली. तुमचा कौल: लाल. सोळा दिवसांपूर्वी. चौदाव्या सेकंदाला पुढे गेलात.

तिला ती सकाळ आठवली. हातात दुपट्याची घडी होती. भिंत काहीतरी करड्या आवाजात सांगत होती, मध हा शब्द आला, छातीत धस्स झालं, आणि ती म्हणाली होती, "पुढचं." पुढची बाई गोड बोलली होती.

रिक्षात सासूबाईंनी इराला मांडीवर घेतलं आणि तिची मान हाताने सावरून धरली. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात धरून इराला अलगद उठवलं. डोकं मागेच राहिलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मधाचा. तनिष्काने होकारार्थी मान हलवली. कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीने."

"या महिन्यातलं हे तिसरं बाळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या मनगटावर पट्टी नव्हती.

पुण्याहून प्रतिविष आलं. इराला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. वेळेत आणलंत, सुधारेल, पण आठवडे लागतील, असं सांगितलं. तनिष्का काचेबाहेर बसली आणि दर तासाला जाऊन करंगळी साबणाने धुऊ लागली. तरी ती चिकटच लागायची.

सहाव्या दिवशी साळवे सिस्टर आल्या. तनिष्काने त्यांना शोधून निरोप पाठवला होता. हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. आधी काचेपाशी उभ्या राहून त्यांनी इराकडे बराच वेळ बघितलं, मग येऊन शेजारी बसल्या.

"मी लाल दिला होता," तनिष्का म्हणाली. "तुमच्या उत्तराला. मी स्वतः."

"माहीत नव्हतं. कळलं असतं तरी काय करणार होते?" सिस्टर म्हणाल्या. "बारा वेळा लिहिलं. दर वेळी तुमच्या लोकांचं पत्र यायचं, थोडं प्रेमाने लिहा म्हणून. म्हणून ते भावनांचं वाक्य घातलं बघ. ते मुळात नव्हतंच." त्या काठीवर हनुवटी टेकून बसल्या. "अगं, इंजेक्शन देताना पोरं मला चावायची. त्यांचा कौल घेतला असता तर मिरजेत एकाला लस मिळाली नसती."

दुपारी पारसनीस सरांचा फोन आला. ते पडताळणीचे प्रमुख. तिने तक्रार केली होती. त्यांनी बाळाची चौकशी केली, मग सांगितलं की सिस्टरांच्या उत्तराचे सगळे कौल तपासले.

"एकही खोटा नाही, तनिष्का. इतका स्वच्छ कौल मी क्वचित बघितलाय. नियम सगळ्यांना सारखाच आहे ना? आपण मध्ये हात घातला तर पुन्हा तेच जुने दिवस." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "तू तुझा अनुभव लिही. फक्त शेवट आधी टाक. बाळ बरं होतंय, हसतंय, एखादा फोटो. मग बघ कसं वर चढतं."

तोंडात काहीतरी गोडमिट्ट आल्यासारखं झालं. 

"सर, सहा हजार जणींना भीती वाटली, एवढंच त्या कौलात आहे. मध द्यावा की नाही, ते त्यात कुठे आहे?"

ते म्हणाले की हा तत्त्वाचा प्रश्न झाला, त्यावर निवांत बोलू. तिने फोन ठेवला.

मग तिने मनगटावरची पट्टी सोडली. तिच्याखाली कातडीवर पांढरा, ओलसर, सुरकुतलेला पट्टा उमटला होता. बघवत नव्हता. पट्टी पिशवीत टाकून तिने उत्तर लिहायला घेतलं. ती पडताळणीतली होती. माणसं किती सेकंदांना पळतात ते तिला पाठ होतं. नमस्कार घातला नाही, अनुभव घातला नाही, इराचा फोटो तर नाहीच. पहिलं वाक्य तीन शब्दांचं केलं. "मध देऊ नका." त्यामागे, "दिला असेल तर बाळाचं रडणं आत्ता कान देऊन ऐका." मग सिस्टरांनी सांगितलेली लक्षणं, त्यांच्याच क्रमाने. खाली त्यांचं नाव आधी, आपलं नंतर.

उत्तर गेलं. तिच्या खात्यातून कौल पडताना दिसत. लाल. लाल. लाल. कुणी चौथ्या सेकंदाला पुढे, कुणी सहाव्या. पण चौथ्या सेकंदापर्यंत तीन शब्द कानावर पडून गेलेले असत. शंभर झाले, दोनशे झाले. उत्तर तळाकडे निघालं होतं, आणि ते जाणार हे तिला लिहितानाच कळलं होतं. सिस्टर चष्मा लावून तिच्या खांद्यावरून बघत होत्या.

"ही बघ," त्या म्हणाल्या.

एका ओळीपुढचे सेकंद थांबत नव्हते. बारा. चौदा. एकोणीस. तेवीस. उत्तर संपलं, आणि पलीकडच्या बाईने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. दिवा लालच होता, आणखी लाल होत होता. कुठल्यातरी गावात कुणीतरी ओट्यापाशी घामाघूम होऊन उभी होती. तिच्या अंगाने मत देऊन टाकलं होतं, अगदी खरं मत. आता पाळण्याकडे जाऊन कान देईल, की "पुढचं" म्हणेल?