डाव्या पाकळीचा कौल

ज्या हाताने औषध दिले त्याच हातून अपाय घडला, आणि त्याच हाताने तो निवारलाही, तर त्या हाताला दोष द्यावा की नमस्कार करावा? शास्त्र येथे क्षणभर थबकते. प्रेम थबकत नाही. ते झुरत राहते.

गोवा राज्य झाले त्या वर्षीची गोष्ट. पेडण्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात सुमंगला परिचारिका होती. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणारा महेश पायात गंजका खिळा रुतल्याने तिच्याकडे आला. तिने धनुर्वाताची लस टोचली.

"आता अर्धा तास बाकावर बसा."

"माझी बस चुकेल, सिस्टर."

"चुकू दे."

"तुम्ही बोलत बसणार असाल तर... रोज चुकू दे!"

हसू लपवीत ती कापूस आवरू लागली. वळून पाहते तो— ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास शिट्टीसारखा वाजणारा! लस इतकी बाधणारा लाखांत एखादाच. तिने त्याला आडवे केले, पाय उंच ठेवले, मांडीत अ‍ॅड्रिनलिन टोचले. इस्पितळाची जीप येईपर्यंत त्याची बोटे तिच्या मनगटाभोवती घट्ट होती. थट्टा करायला थांबला, म्हणूनच तो वाचला.

बरा झाल्यावर तो आईला, शेवंताबाईंना, घेऊन आला. त्या सुमंगलेला आपादमस्तक न्याहाळीत म्हणाल्या, "बाये, मारलस तूच नि जितो केलस तूच. तुका गाळी घालू काय पाया पडू?"

"आधी चहा घ्या," सुमंगला म्हणाली. आणि महेशने तिच्याकडे असे पाहिले की चहात साखर घालायचीच ती विसरली.

मग तो वरचेवर येऊ लागला. श्रावणात त्याने आईपाशी मन उघड केले. माउलीने ग्रामदेव रवळनाथाला कौल लावला. मूर्तीवर चिकटवलेली उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

देवाची आज्ञा मोडणार कोण? महेश यायचा थांबला; कौलाची बातमी तेवढी सुमंगलेच्या कानी आली. रस्त्यावरून त्याचा ट्रक जाई. आवाज तिला दुरून ओळखू येई, आणि भरलेली सिरिंज क्षणभर हातात तशीच राही... ट्रक हळू होई, पण थांबत नसे. अखेर तिने वास्कोला बदली मागून घेतली.

निघायच्या दिवशी शेवंताबाई निरोपाला आल्या. महेश दाराबाहेर मान खाली घालून उभा होता.

रुग्णाला खोदून विचारण्याची सुमंगलेची सवय येथेही सुटली नाही. "आई, देवाला नेमकं काय विचारलंत?"

"इचारलंय, ह्या चेडवाच्या हातान माज्या झिलाक परत इजा होतली काय? म्हाराजान डावो दिल्यान गो..."

"म्हणजे देव काय म्हणाला?"

"नाय म्हणालो. इजा—" शेवंताबाईंचा हात तोंडावर गेला. "इजा होवची नाय! अरे देवा, मी रडत घराक इलंय!"

महेश उंबरठा ओलांडून आत आला. "सिस्टर..."

"सुमंगला म्हण."

"सुमंगला, मी देवाला नाही, तुलाच विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," ती म्हणाली. "वास्कोहून दर रविवारी बस आहे. बदली परत मिळेपर्यंत... वाट पाहशील?"

त्याने तिची पेटी उचलली. "दर रविवारी बसथांब्यावर उभा असेन."

त्या दोघांना, आणि भीत भीत देवाला प्रश्न घालणाऱ्या त्या माउलीलाही, निरामय आयुष्य लाभो.