रफूपेशी

हृदयाच्या भोकासाठी आता मिरजेत कुणी छाती उघडत नाही. एक सुई टोचली की झालं. सुईतून रक्तात शिरतात त्या रफूपेशी. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून रक्त कुठे गळतंय ते त्या हुडकतात आणि तिथेच ठाण मांडून भोक विणून टाकतात. भोक पडद्याच्या मधोमध असो, खाली झडपांपाशी असो की वर महाशिरेच्या तोंडाशी, त्यांना सगळं सारखंच.

रेवतीचं भोक वरचं होतं; सुई नको तर छातीच उघडावी लागली असती. ती लहान असताना तिच्या आईने, प्रमिलाबाईंनी, हट्टाने सुईच निवडली. पोरीच्या छातीवर वण राहिला तर उद्या बघायला येणारे काय म्हणतील, ही त्यांची धास्ती.

आता रेवतीला सहावा महिना होता. हृदयतज्ज्ञ डॉ. शबनम मुजावर सोनोग्राफीत बाळाचं हृदय पुन्हा पुन्हा बघत होत्या. प्रमिलाबाईंचा जीव टांगणीला लागला.

"काय ते सांगून टाका बाई. बाळालाही भोक आहे का?"

"असायलाच हवं, मावशी. पोटात फुप्फुसं बंद असतात, म्हणून आईकडून आलेलं ताजं रक्त त्या दारातूनच पलीकडे जातं. जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला की दार आपोआप लागतं."

"मग बिघडलं कुठं?"

"रेवतीच्या रफूपेशी अजून जिवंत आहेत. थोड्या नाळेतून बाळात गेल्यात. त्यांना नुसतं भोक कळतं, दार कळत नाही. त्या ते विणत सुटल्यात."

"मग मारा की त्यांना," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"औषध आहे. पण रेवतीचं ठिगळही त्यांचंच आहे, तेही विरेल. आणि या औषधानंतर नव्या रफूपेशी तिच्या अंगात कधीच तगणार नाहीत. एखादा तुकडा मेंदूकडे गेला, तर तिच्या जिवावर बेतेल. औषध नाही दिलं, तर बाळ महिनाभरही तग धरणार नाही."

"नको गं रेवा. दुसरं होईल तुला."

"दुसऱ्यातही याच जातील, आई," रेवती म्हणाली. "औषध द्या, डॉक्टर."

"आणि हिचं भोक पुन्हा उघडलं, तर शिवणार कोण?"

डॉक्टरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मी एकदाही छाती उघडलेली नाही, मावशी. आम्हाला ते शिकवलंच नाही. ज्यांना येत होतं, ते आता कुठेच राहिले नाहीत."

रेवतीने बाही वर सरकवली. लहानपणी याच दंडाला सुई टोचताना प्रमिलाबाईंनी तिचं तोंड आपल्या पदरात धरलं होतं. आता तिनेच आईचा हात घट्ट धरला.

"तू बघू नकोस. दाराबाहेर बघ."

प्रमिलाबाईंनी तिकडे पाहिलं. बाकावर रेवतीच्याच वयाच्या पोरी पोटावर हात ठेवून आपापल्या नंबराची वाट बघत होत्या. त्यांच्यातल्या किती जणींनी लहानपणी हीच सुई घेतली असेल? एकीच्याही छातीवर वण नसणार.