लोंकिमायच्या उतारावरची हाक

माझी कुराकाउतीन गावात बेकरी आहे. भुताखेताच्या गोष्टी सांगून माझा एक पावही जास्त खपणार नाही, तेव्हा खोटं सांगायचं मला कारण नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. नेलिदा तिचं नाव. शाळेत गणित शिकवते. डोकं एकदम जाग्यावर.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, दुसरा शनिवार. आम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तेव्हा आमच्याकडे हा वसंत. लख्ख दिवस.

लोंकिमाय ज्वालामुखीवर स्की घेऊन चढायला तिघं निघाली होती. नेलिदा, तिचा धाकटा भाऊ युलिसिस आणि त्यांचा जुना दोस्त तादेओ. युलिसिस सव्वीस वर्षांचा. आई गेल्यापासून नेलिदानंच त्याला वाढवलाय. तिचा जीव की प्राण.

गाडीपाशी नेहमीचा रिवाज झाला. प्रत्येकाच्या छातीला एक बीकन असतं. ते सतत खूण पाठवत राहतं. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं, तर बाकीचे आपलं बीकन 'शोध'वर फिरवतात आणि टीट-टीट ऐकत त्याच्यापर्यंत पोचतात. म्हणून निघण्याआधी एकानं 'शोध' लावून बाकीच्यांची यंत्रं तपासायची.

त्या दिवशी तपासायचं काम युलिसिसकडे होतं. त्याच्याकडे मामाचं जुनंपुराणं यंत्र होतं.

"तीन ऐकू येतायत," तो म्हणाला.

"आम्ही दोघंच आहोत. तू स्वतःलाही मोजलंस वाटतं, गाढवा," तादेओ म्हणाला.

"तीनच आहेत. ऐक ना."

"ते मामाचं खटारं आहे. त्याला गाईही ऐकू येतील. चल, ऊन चढतंय."

खरं होतं ते. वसंतात दुपार झाली की बर्फ भिजून सैल होतो आणि उतार खाली यायला लागतो. बाराच्या आत परतायला हवं.

तिघं चढू लागली. पेवेनची उंच सूचिपर्णी झाडं मागे पडली. पुढे नुसता पांढरा उतार.

चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावतात. त्यांचा बर्फावर आवाज होतो. सर्रर्र... सर्रर्र...

नेलिदा सगळ्यात मागे होती.

तरी तिला तो आवाज मागून येत होता.

ती थांबली. आवाज थांबला.

मागे कोणी नव्हतं. तिच्या स्कीच्या दोन रेषा, बस्स.

तिनं कुणाला सांगितलं नाही. "म्हटलं, दोघं वर्षभर माझी चेष्टा करतील," ती मला नंतर म्हणाली.

माथ्यावर त्यांनी माते, म्हणजे आमचा कडवट पानांचा चहा, प्यायला, चीजपाव खाल्ले, गप्पा ठोकल्या. उतरायला निघाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आणि बघता बघता ढग खाली आला.

दहा हातांवरचं दिसेना.

उतरायचाही एक नियम असतो. एका वेळी एकच माणूस. पहिला खाली सुरक्षित जागी पोचला की हाक देतो. ती हाक आली की मगच दुसरा.

तादेओ पहिला गेला. पांढऱ्यात विरघळला.

नेलिदा आणि युलिसिस वर थांबली. एक मिनिट... दोन मिनिटं...

मग खालून हाक आली.

"येऽऽ..."

"आवाज बसलाय बुवा तादेओचा," युलिसिस हसला आणि सुटला.

नेलिदाला ते खटकलं. थांब म्हणायला तोंड उघडलं, तोवर तो गेला होता.

आणि मग... धप्प.

पायाखालचा उतारच खाली बसल्यासारखं झालं. त्यानंतर लांबवर कोसळत्या बर्फाची घरघर. त्यानंतर काहीच नाही.

ती जिवाच्या आकांतानं खाली आली. तादेओ डाव्या कड्याच्या खडकावर होता, त्याची एक स्की हातात, चेहरा पांढराफटक.

"तू हाक का दिलीस?" ती त्याच्यावर धावून गेली.

"मी नाही दिली, नेली. माझी स्की निघाली होती. मी अजून पोचलोच नव्हतो."

भांडायला वेळ नव्हता. बर्फाखाली माणूस पंधरा मिनिटं टिकला तरी नशीब.

दोघांनी बीकन 'शोध'वर फिरवली. एकच खूण मिळाली. एकदम ठणठणीत. चाळीस मीटर... अठरा... पाच... दोन.

तादेओनं शोधायची लांब सळई बर्फात खुपसली. मीटरभर खाली लागली. दोघं फावडी घेऊन तुटून पडली. नेलिदा रडत होती आणि खणत होती.

आधी बाही दिसली. मग कान. मग निळा पडलेला चेहरा.

त्यानं श्वास घेतला.

त्याला ओढून बाहेर काढला, गुंडाळला, गालांवर चापट्या मारल्या. तेवढ्यात नेलिदाच्या लक्षात आलं, खड्ड्याच्या कडेला ठेवलेलं तिचं यंत्र अजून टीट-टीट करतंय.

"याचं बीकन बंद कर," ती म्हणाली.

तादेओनं युलिसिसचं जॅकेट उघडलं. आणि आतलं यंत्र नेलिदाला दाखवलं.

बटण 'शोध'वर होतं. सकाळपासून. पठ्ठ्यानं ते परत फिरवलंच नव्हतं. कटकट नको म्हणून फक्त आवाज बारीक केला होता.

'शोध'वर यंत्र फक्त ऐकतं. म्हणजे युलिसिसचं यंत्र दिवसभर काहीच पाठवत नव्हतं.

मग हे दोघं कुणाच्या खुणेवर इथवर आले?

तादेओनं नेलिदाचं यंत्र रिकाम्या खड्ड्यात धरलं. अर्धा मीटर, असं दाखवत होतं. त्यानं सळई हळूच खाली सारली.

काहीतरी मऊ लागलं...

त्यानं फावडं उचललं. नेलिदानं त्याचा हात धरला.

"नको. हा गारठून मरेल. चल."

"नेली, खाली कुणीतरी आहे."

"माझा भाऊ इथे आहे."

तिनं स्वतःच्या हातानं यंत्र बंद केलं. युलिसिसला मधे धरून दोघं खाली आली.

दुसऱ्या दिवशी बचाव पथक गेलं. खड्डा सापडला. चार मीटर खणलं. खाली काहीच नव्हतं, कुठलीच खूण नव्हती. त्या वर्षी डोंगरावरून कुणी बेपत्ता झाल्याची नोंदही नव्हती.

देवानं पोराला वाचवलं असं मी म्हटलं, तर नेलिदानं मला तिथंच तोडलं.

"ती हाक ज्यानं दिली ना, त्याला युलिसिस नको होता," ती म्हणाली. "त्याला आमची फावडी हवी होती."

मला वाटलं, विषय संपला. पोरगं हिंडतं-फिरतं, नोकरीला जातं.

पण काल संध्याकाळी तो दुकानात आला. शनिवारी लोंकिमायला जातोय म्हणाला. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"जावं लागेल," तो म्हणाला. "खाली असताना मी शब्द दिलाय. मला सुटू दे, मी परत येऊन तुला काढतो, असा."

"कुणाला दिलास?"

"माहीत नाही. त्यानं माझा पाय धरला होता."

मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी तडक नेलिदाचं घर गाठलं. म्हटलं, त्याला कोंडून ठेव, गाडीची किल्ली लपव, काहीही कर.

ती ओट्याशी बसून दोन फावड्यांचे दांडे घट्ट करत होती.

"सगळं करून झालं," ती म्हणाली. "तो ऐकत नाही. मग मी पण जाणार. त्याला परत खणून काढायला कुणी नको का?"

मी तिच्यासमोर बसलो आणि दुसऱ्या फावड्याचा दांडा धरला.