बाटलीखालचा कोरडा कागद

मी जे लिहिते आहे त्यावर विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण हे आमच्याच घरात घडलं, भर दिवसा घडलं, आणि तेव्हा घरातली तिन्ही माणसं पूर्ण शुद्धीवर होती, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

थंडीतला मंगळवार होता.

मी नेहमीप्रमाणे उठले, दूध तापत ठेवलं, खिडकीच्या काचेवर धरलेली वाफ फडक्यानं पुसली. आमचे हे दाढी करता करता रेडिओबरोबर बेसूर गात होते. पुढच्या खोलीतून कपडे झाडायच्या ब्रशचा आवाज येत होता. खसक्... खसक्... म्हणजे बाबा कामाला लागले होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. सारी हयात त्यांनी त्या पुढच्या खोलीत लोकांचे कोट शिवले. हात थरथरू लागला तेव्हा दुकान बंद झालं, पण कोट चढवायच्या डमी तिथंच राहिल्या. आता त्यांच्या अंगावर बाबांनी जमवलेले जुने लष्करी कोट आहेत. फळ्यांवर टोप्या, पट्टे, जेवणाचे डबे, कुणाचा तरी दाढीचा ब्रश, कुणाचा तरी अर्धा झिजलेला साबण. आणि सगळ्यांत वरच्या फळीवर पाण्याच्या बाटल्यांची रांग.

"लढाई कोण जिंकलं याच्याशी मला काय करायचंय?" बाबा म्हणायचे. "ज्यानं हे काज केलं त्याचा हात बघ, सूनबाई. उद्या मरणाऱ्या माणसासाठीसुद्धा टाका चुकवला नाही पठ्ठ्यानं."

मी चहा घेऊन गेले. बाबांच्या पुढ्यात एक नवीन वस्तू होती. कुणा शिपायाची पाण्याची लोखंडी बाटली, वरून खाकी लोकरीचं आवरण, तोंडाला दोरीनं बांधलेलं बूच. बटणवाल्या काकांकडून आलेली. हे काका बाबांचे जुने स्नेही. जुनी बटणं आणि बिल्ले विकतात, म्हणून त्यांना सगळे बटणवाले म्हणतात.

"हिच्यात पाणी राहतं का, बघू या," बाबा म्हणाले.

"गंजेल ना, बाबा. काका तर म्हणाले होते, या बाटल्यांना पाणी लावायचं नाही."

"त्याला विकायचं असतं. मला कळायला हवं."

हा त्यांचा स्वभाव. झिप बसवली की ती वरखाली करून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कोट दिला नाही. वस्तू तिचं काम करते की नाही, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही.

त्यांनी स्वतः नळाखाली बाटली काठोकाठ भरली. बूच दाबून बसवलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं.

"गळली तर कागद सांगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

बाटली हातात दिली. हलकी. बूच उघडून उलटी केली...

एक थेंबही पडला नाही.

"गळली वाटतं," मी म्हणाले.

बाबांनी वर्तमानपत्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. ओला झालेला कागद वाळला तरी सुरकुततो. हा इस्त्री केल्यासारखा सपाट होता.

"तुम्हीच प्यायला असाल झोपेत," हे हसून म्हणाले. "आणि आता आरोप बिचाऱ्या शिपायावर."

"तुझ्यासारखा नाही मी, झोपेत फ्रिज उघडणारा," बाबा म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

बाबांनी बाटली पुन्हा भरली. या वेळी बुचाभोवती आणि गळ्याभोवती पक्का दोरा गुंडाळला आणि त्यांची ती गाठ मारली. ती गाठ त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. मला शिकवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला होता.

सकाळी गाठ जशीच्या तशी होती.

दोरा तुटलेला नव्हता. कागद कोरडा होता.

आणि बाटली... रिकामी.

या वेळी कुणी हसलं नाही. बाबांनी दोरा कापला, बाटली पुसली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. "राहू दे," एवढंच म्हणाले.

आम्हांला वाटलं, विषय संपला.

दोनेक दिवसांनी मी दुपारी इस्त्री करत होते. हे कामावर, बाबा आत पडलेले. घरात शांतता होती. तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला...

घोट घेतल्याचा.

मी इस्त्री उभी ठेवली.

पुन्हा एक घोट. मग थांबणं. मग आणखी एक. पुढचं पाणी कधी मिळेल ते ठाऊक नसलेला माणूस कसा पितो? तसं. जपून.

"बाबा?" मी हाक मारली.

"काय गं?" उत्तर माझ्या मागून, आतल्या खोलीतून आलं.

मी पुढच्या खोलीत गेले. तिथं कुणी नव्हतं. डमींच्या अंगावरचे कोट स्थिर होते. टेबलावरच्या फुलदाणीत मी सकाळीच पाणी घातलं होतं. फुलं अजून ताजी होती.

फुलदाणी कोरडी होती.

त्यानंतर बाबांची तहान सुरू झाली.

आधी ओठ फुटले. मग जीभ टाळ्याला चिकटू लागली. हातावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे, तरी डोळे तांब्यावरच. डॉक्टरांनी साखर तपासली, किडनी तपासली. सगळं ठीक निघालं.

"पाणी वाढवा," डॉक्टर म्हणाले.

"वाढवतोय हो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घशाखाली उतरतंय, सूनबाई... पण मला पोचत नाही गं."

एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठवेना. आम्ही त्यांना रुग्णालयात नेलं, सलाईन लागलं. दोनच दिवसांत चेहरा भरला. नर्सशी उशीच्या अभ्र्याच्या शिवणीवरून वादही घातला. आम्ही निर्धास्त होऊन त्यांना घरी आणलं.

संध्याकाळपर्यंत ओठ पुन्हा फुटले.

आता मात्र यांचा धीर सुटला. त्यांनी बाटली पिशवीत घातली आणि थेट बटणवाल्या काकांच्या दुकानात नेऊन दिली. "फुकट घ्या, पण घ्या," म्हणाले.

बाबांना उतार पडला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारावर थाप पडली.

काका होते. हातात तीच पिशवी. एरवी दारातूनच विनोद सुरू करणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता उभा.

"सूनबाई, माझ्या दुकानात माशांची पेटी आहे ना, काचेची..." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "झाकण बंद होतं. काच कुठं फुटलेली नाही. खाली जमीन कोरडी ठणठणीत. आणि मासे... नुसत्या वाळूत पडलेले."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"ही माझ्याकडे कित्येक वर्षं होती हो. कधी काही नाही. गप पडून असायची." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "हिला पाणी दिलं होतं का कुणी?"

"बाबांनी."

"त्यानं? स्वतःच्या हातानं?"

मी मान डोलावली.

काका म्हणाले, "सवय मोडली होती त्या शिपायाची. तुम्ही लावलीत. आता ज्या हातानं दिलं, त्याच्याकडेच मागणार ना तो?"

"उगाच काहीतरी बोलू नका, काका," हे ओरडले. "मी ही नदीत टाकून येतो."

"टाक की. मी रोखत नाही. माझ्याकडे नव्हती का ती कालपासून? तुझ्या बापाला पडला का आराम?"

पिशवी टेबलावर ठेवून काका निघून गेले. त्यानंतर ते आमच्या घरी आलेले नाहीत.

हे डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेले. मी बाबांच्या खोलीत डोकावले. त्यांचे डोळे उघडे होते. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. बाटली भरायची, हे मला कळलं होतं. पण उद्या भरायची कुणी? पुन्हा बाबांनीच? ज्यांना पेला धरवत नव्हता त्यांनी? आणि एखाद्या दिवशी ते विसरले तर?

मी पिशवी उघडली. बाटली स्वयंपाकघरात नेली.

नळ सोडण्याआधी मी दारातून पुढच्या खोलीतल्या बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग बाटली काठोकाठ भरली. माझ्या हातानं. बूच लावलं आणि पुढच्या खोलीत टेबलावर ठेवली.

या वेळी खाली कागद अंथरला नाही.

मी पाठ वळवते न वळवते तोच मागून आवाज आला...

या वेळी जपून नव्हता पीत.

दुपारी बाबांनी चहा मागितला. साखर कमी पडली म्हणून तक्रारही केली. डॉक्टर म्हणाले, वयामुळे असं होतं कधीकधी. यांना मी काही सांगितलेलं नाही. बाटली मी नदीत टाकून आले, असं त्यांना आणि बाबांना वाटतं. ती स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे असते.

रोज सकाळी उठले की स्वतः चूळ भरण्याआधी मी ती भरते. एकदा ताप आला म्हणून उशिरा उठले. आरशात पाहिलं तर ओठांना रक्त आलं होतं. बाबा ठणठणीत होते.

माहेरी बोलावणं येतं. "जाऊन ये की चार दिवस," हे म्हणतात. "बाबांना बरं आहे आता." मी काहीतरी कारण सांगते. बाटली बरोबर नेता येईल, हे मला सुचत नाही असं नाही. पण माझ्या माहेरी अंगणात मुलं खेळतात. तिथं पाण्याचे पिंप उघडे असतात.

इतके दिवस हे कुणाला लिहिलं नव्हतं. लिहायचं कारण कालची सकाळ.

बाटली भरून झाल्यावर मी पुढच्या खोलीत केर काढायला गेले. डमी होत्या तशाच होत्या. टोप्या, पट्टे, साबण, सगळं जागच्या जागी. सहज वर पाहिलं...

वरच्या फळीवरच्या रांगेतल्या पहिल्या बाटलीचं बूच निघालेलं होतं.

पडलं नव्हतं. कुणीतरी काढून शेजारी नीट उभं ठेवलं होतं.

आतून बाबांच्या ब्रशचा आवाज येत होता. खसक्... खसक्... ते काहीतरी गुणगुणत होते.

मी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. खुर्चीवर चढून बाटली खाली घेतली, पदराआड धरली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.