बाल्कनीतला अ‍ॅक्सल

भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरणाऱ्यांतली मी नव्हे. पण हे माझ्या घरात घडलंय. नवऱ्याला विचारा, तोही हेच सांगेल... म्हणजे, बोललाच तर.

मी विभावरी. साल २००१, मार्च महिना. शारजात रोला भागात आमचा फ्लॅट होता. आणि जे घडलं ते भर दुपारी घडलं, हे आधीच सांगते.

माझा नवरा सुरेश जबल अलीला एका फॅक्टरीत इंजिनीअर. त्याला खूळ लागलं होतं हॉट रॉडचं. म्हणजे १९३४ची फोर्ड घ्यायची, तिच्यात राक्षसासारखं इंजिन कोंबायचं आणि बायकोच्या डोक्याला ताप द्यायचा.

गाडी जवळजवळ तयार होती. अडलं होतं पुढच्या अ‍ॅक्सलपाशी. पुढची दोन्ही चाकं ज्या लोखंडी दांड्यावर असतात ना, तो. नवा अमेरिकेहून मागवायचा तर तीन हजार दिरहाम, म्हणजे अडतीस हजार रुपये, आणि वर सहा आठवडे थांबा. जुना भंगारात लगेच मिळत होता.

मी म्हटलं, ज्यावर जीव टांगायचाय ती वस्तू तरी नवी घे. पण ऐकेल तो सुरेश कसला!

शुक्रवारी दुपारी आम्ही इंडस्ट्रियल एरियात खैरुद्दीनच्या भंगारयार्डात गेलो. रस्ते ओस पडले होते. ते दोघं आत घासाघीस करत बसले. मी बाहेर सावलीत.

समोर एक चेपलेली फोर्ड पिकअप होती. तिच्याशेजारी निळ्या बॉयलर सूटमधला एक माणूस उकिडवा बसला होता.

"ताई, मराठी काय?" त्यानंच विचारलं.

नाव दगडू. राजापूरकडचा. चार वर्षं गावी गेलेला नव्हता. घरच्या जेवणाची चवच विसरलो म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

आता मी पडले पुण्याची. आमच्यात 'या एकदा जेवायला' म्हणायची पद्धत आहे. कुणी खरंच येईल असं धरून कुणी म्हणत नाही. सवयीनं मीही म्हटलं. वर बिल्डिंगचं नावसुद्धा सांगितलं.

त्यानं एकदम मान वर केली...

"खरंच येऊ?"

"या की."

सुरेशने नेमका त्याच पिकअपचा अ‍ॅक्सल घेतला. खैरुद्दीनची माणसं तो सोडवायला आली, तेव्हा मी वळून पाहिलं...

तिथे कुणीच नव्हतं.

अ‍ॅक्सल घासूनपुसून घ्यायला सुरेशने घरी आणला. बाल्कनीत ठेवला. पहिल्या दिवशी काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आवाज आला...

टक्.

मी डोकावले. अ‍ॅक्सलच्या दोन टोकांना चाकं बसवायचे खुंटे असतात. ते दोन्ही खुंटे हळूहळू डावीकडे वळत होते... एकाच वेळी. कुणी स्टिअरिंग फिरवल्यासारखे.

मग थांबले.

वारा म्हणाल, तर दोरीवरचा रुमालही हलत नव्हता.

सुरेशला सांगितलं. तो म्हणाला, ग्रीस सैल झालं असेल. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला ग्रीस.

तिसऱ्या दिवशी शुभ्रा, आमची नऊ वर्षांची मुलगी, जेवता जेवता थांबली.

"मम्मा, व्हेन विल यू गिव्ह लंच टू द अंकल?"

मी विचारलं, कुठला अंकल?

तिने बाल्कनीकडे बोट केलं. "ही सेज यू कॉल्ड हिम."

खैरुद्दीनला फोन लावला. तुमच्याकडचा दगडू कुठे आहे, विचारलं.

"हमारे यहाँ कोई मराठी नहीं है, भाभी." मग एकदम म्हणाला, "उस पिकअप का ड्रायव्हर था दगडू. खोर फक्कान के रास्ते पे, पहाड़ में खलास हो गया. आपको नाम किसने बताया?"

मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी सुरेशसमोर मी रडले. हा अ‍ॅक्सल लावलास तर शुभ्राला घेऊन पुण्याला जाईन, असंही बोलून गेले. एरवी तो हसला असता. पण तेवढ्यात बाल्कनीतून...

टक्.

या वेळी त्यानेही ऐकलं.

अ‍ॅक्सल परत गेला. नवा मागवला. सहा आठवड्यांनी आला, कोरा करकरीत. मधल्या काळात घरात एकही आवाज नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

मेमधल्या एका शुक्रवारी सकाळी सुरेशने गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. कॉर्निशला, किनाऱ्याच्या रस्त्याला, एक चक्कर मारून येतो म्हणाला. अर्धा तास.

अकरा वाजले. बारा वाजले. मोबाईल लागेना.

खिडकीत उभं असताना माझ्या एकदम लक्षात आलं... परत पाठवला तो अ‍ॅक्सल. बोलावलं होतं ते माणसाला.

एक वाजता गाडी खाली येऊन थांबली. मी धावतच जिना उतरले. नव्या रंगावर डोंगरातली माती बसली होती.

इकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. सुरेश उतरला...

उजव्या दाराने.

डावी सीट रिकामी होती. इंजिन चालूच होतं.

"गाडी कोण चालवत होतं?" मी विचारलं.

"मला कुठे खोर फक्कानचा घाट माहीत होता, विभा," तो अगदी शांतपणे म्हणाला. "त्याला माहीत होता."

पुढे एक शब्द नाही. त्या दिवशीही नाही, आजपर्यंतही नाही.

गाडी आठवड्यात विकली. सुरेशने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. कंपनीच्या बसने जाऊ लागला. त्याच्या बरोबरचे एकदा मला हसत सांगत होते, वहिनी, बस कितीही भरलेली असू दे, सुरेश खिडकीची सीट कुणाला देत नाही. स्वतः अलीकडे बसतो आणि ती रिकामी ठेवतो.

मीही हसले. त्याला मात्र अजून विचारलेलं नाही.