भिंतीची ऊब

वालूरच्या खालच्या गल्लीत काही नवीन आलं आणि सगुणाबाईला ते ठाऊक नाही, असं कधी व्हायचं नाही. तिच्या घराला लागूनच कापसाचं जुनं गोदाम होतं. दिवाळीनंतर एका दुपारी तिथं टेम्पो रिकामा झाला, आणि लगेच ती ताटलीत दोन धपाटे घेऊन दारात हजर झाली. ताटली नुसती निमित्ताला. आत काय चाललंय ते बघायचं होतं.

आत लोखंडी मांडण्या, त्यांवर ओळीनं काळी खोकी आणि प्रत्येक खोक्याला एक पंखा. घरघर एवढी, की धपाटे घे म्हणायलासुद्धा ओरडावं लागलं.

"काय दळायलास रं बाबा?"

गोदाम भाड्यानं घेणारा आदिनाथ परभणीचा. वयानं कोवळा, बोलायला गोड. तो हसला. "पैसे दळायलोय, काकू. कॉम्प्युटरमधले. ना नोट, ना नाणं. ह्या मशिनी दिवसरात गणितं सोडवतात. सुटलं की पैसा तयार."

"अन् त्या गणिताचा उपयोग काय?"

"उपयोग काई न्हाई. सुटलं की झालं."

"मंग जात्यात दाणाच न्हाई की," सगुणाबाई म्हणाली. "रिकामंच जातं फिरवायलास."

पौष लागला तसं गावाला ते जातं कळू लागलं. संध्याकाळी गल्लीतले बल्ब निखाऱ्यासारखे तांबडे व्हायचे. पिठाची गिरणी पायली अर्धी दळून बसायची. लाईनमन चंद्रभान खांबाखाली उभा राहून वर बघायचा आणि मान हलवायचा.

"सगळ्या गावाची वीज एकटं गोदाम प्यायलंय, आक्का. एक दिवस डीपी जळती बघा."

एरवी सगुणाबाईच सगळ्यांच्या आधी भांडायला गेली असती. पण यंदा तिची लेक सुकेशनी पहिल्या बाळंतपणाला आली होती. नात झाली, ती वजनानं कमी. ओंजळीत मावेल एवढी. आणि परभणीकडची थंडी म्हणजे पहाटे रांजणाला हात लावायची हिंमत होत नाही.

बाळंतिणीच्या खोलीची मागची भिंत गोदामाची होती. मशिनींची धग त्या भिंतीतून अलीकडं यायची. नुकत्याच विझलेल्या चुलीसारखी मऊ, कोरडी ऊब. सगुणाबाईनं हात लावून बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं बाज भिंतीला लावली, बाळाची झोळी भिंतीशीच बांधली आणि बाजेखालची शेगडी उचलून अंगणात ठेवली. धुरानं लेकरू गुदमरण्यापेक्षा हे बरं. विरजणाचं गाडगंसुद्धा तिथंच सरकवलं. दही असं लागायचं, की सुरीनं कापावं.

बाहेर बल्ब मंद झाला की तिला वाटायचं, गल्लीतला उजेडच ह्या भिंतीत येऊन मुरतोय. जरा टोचायचं. मग झोळीतल्या त्या एवढ्याशा तोंडाकडं बघून ती गप्प राहायची.

एका संध्याकाळी डीपी, गावाचा ट्रान्सफॉर्मर, मोठ्यानं फुटली आणि वालूर अंधारात गेलं. नवी यायला आठवडा लागणार होता. सकाळी आदिनाथनं मशिनी टेम्पोत भरल्या, ताटली धुऊन परत दिली, पाया पडला आणि गेला. सगुणाबाई गोदामात जाऊन आली. तुटक्या वायरी, धूळ, जळक्या रबराचा वास. बाकी काही नाही.

आता भिंत गार होणार, म्हणून तिनं शेगडी आत आणली. सहज हात लावला.

भिंत गरम होती.

कालची धग असेल, ती मनाशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही ती गरमच. उलट थोडी जास्तच. कान लावला तर आत घरघर... लांबून आल्यासारखी, पण तीच.

"माय, ते बंद झालं ना?" सुकेशनीनं हळूच विचारलं.

"झालं की. मी बघून आले."

"मंग..."

"पोरगी कधीपासून रडली न्हाई गं?"

सुकेशनी आठवू लागली. तिला आठवेना.

सगुणाबाईनं झोळीत हात घातला. दोन दुपट्यांच्या आत बाळाचे पाय रांजणातल्या पाण्यासारखे होते. शेकायला पाणी उकळून तिनं एक तांब्या भिंतीशी ठेवला. दुसरा समोर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. फडकं घेऊन वळेपर्यंत भिंतीजवळच्या तांब्याची वाफ थांबली होती. तिनं बोट बुडवलं. गार. तसबिरीखालचा तांब्या अजून वाफाळत होता.

ती दोन्ही तांब्यांकडं बघत उभी राहिली. एवढे दिवस तिनं एकदाही विचारलं नव्हतं, ही ऊब येती कुठून? तेव्हा ती गिरणीतून येत होती, विहिरीवरच्या मोटारीतून, पोरांच्या अभ्यासाच्या बल्बातून. सगळ्या गावातून थोडी थोडी. आता गावात ओढायला काहीच उरलं नव्हतं. भिंतीशी बांधलेलं हे एवढंच होतं.

तिनं बाळाला ओढून उघड्या छातीशी धरलं. "सुके, ऊठ! जशी हायस तशी ऊठ!"

चंद्रभाननं ऑटो आणला. ओढ्याच्या पुलावर बाळानं पहिल्यांदा टाहो फोडला आणि सगुणाबाई हसता हसता रडली. सेलूला डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, लेकरू ठीक आहे, उबेत ठेवा. तिनं दोघींना पोखर्णीला धाकट्या बहिणीकडं, बबिताकडं पोचवलं आणि घरच्या शेरडांना चारापाणी करायला माघारी आली.

घरात शिरल्या शिरल्या तिनं भिंतीला हात लावला. गार. दगडासारखी गार. कान लावला, घरघर नाही. तिला हलकं वाटलं. त्या रात्री ती पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोखर्णीला फोन लावला.

"बरी हाय गं माय," सुकेशनी म्हणाली. "चांगली गरम हाय. ताप न्हाई, नर्सबाईनं बघितलं. रडतबी न्हाई, गुमान झोपती."

"मंग चांगलंच की!"

"हां..." सुकेशनी थांबली. "मावशी म्हणती, हिला घेतलं की तिचे हात गार पडायलेत. मी म्हणलं, मावशीचं काईबी. पण कालपासून माझीच बोटं... दूध पाजलं की दातखिळी बसायलीय माय. उन्हात बसले तरी."

सगुणाबाईनं फोन कानाशी घट्ट दाबला. फोनमध्ये सुकेशनीच्या आवाजामागं काहीतरी वाजत होतं. बारीक, एकसारखं.

"सुके... मागं कशाचा आवाज येतोय गं? पंखा लावलाय का?"

"पंखा कुठला? लाईट सकाळीच गेली. कोणीच न्हाई इथं. हीच हाय, माझ्या छातीवर झोपलेली."